साइट उघडत नाहीये? ती बंद पडलीय की सरकारने अडवलीय, हे कसं शोधायचं

एखादी साइट उघडेनाशी झाली की पाच मिनिटांत कुणीतरी लिहितंच, "ब्लॉक केली सरकारने". बरेचदा ते खरं नसतं. मी स्वतः एकदा एका छोट्या बातम्यांच्या साइटबद्दल ओळखीतल्या सगळ्यांना असंच कळवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी समजलं की त्यांचं डोमेन रिन्यू करायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून मी आधी तपासतो मग बोलतो, कारण एकदा खोटी बोंब झाली की पुढच्या वेळी खरंच अडवलेलं असताना कुणी लक्ष देत नाही.

आणि याच्या उलटही होतं, ते जास्त वाईट. साइट खरोखर अडवलेली असते पण समोर फक्त "ही साइट उपलब्ध नाही" एवढंच येतं, आदेश कुणाचा ते नाही, कारण नाही, दाद कुठे मागायची ते नाही, मग माणूस म्हणतो नेट गंडलंय वाटतं आणि दुसरीकडे वळतो. अडवणाऱ्याला हेच हवं असतं. म्हणून अडवणूक नेमकी कुठे केलीय ते ओळखायला शिकणं गरजेचं आहे, त्यावरूनच पुढे काय करता येईल ते ठरतं आणि समोरचा किती नुकसान सोसायला तयार आहे तेही कळतं. फार टेक्निकल ज्ञान लागत नाही, अर्धा तास आणि थोडा धीर लागतो.

आधी साध्या शक्यता बाद करा

तीच साइट घरच्या वायफायवर उघडून बघा, मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, मग जमल्यास दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या कुणाच्या तरी फोनवर. एका कंपनीच्या नेटवर उघडत नाही आणि दुसऱ्याच्या उघडते असं असेल तर साइट जिवंत आहे, अडचण मधे कुठेतरी आहे. सगळीकडेच उघडत नसेल तर दुसऱ्या देशातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारा. तिथेही बंद असेल तर बहुधा सर्व्हरच पडलाय किंवा डोमेन संपलंय, डोमेनची मुदत कधीपर्यंत आहे हे हूइज सर्चमध्ये कुणालाही बघता येतं.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. कधीकधी साइटवालेच ठरावीक देशातल्या लोकांना आत घेत नाहीत. मे २०१८ मध्ये युरोपचा डेटा संरक्षणाचा नियम लागू झाला तेव्हा लॉस एंजेलिस टाइम्स, शिकागो ट्रिब्यूनसारख्या अमेरिकन पेपरांनी युरोपातल्या वाचकांसाठी साइटच बंद करून टाकली. वाचणाऱ्याच्या दृष्टीने परिणाम तोच, पण तिथल्या सरकारने कुणालाही ब्लॉक केलेलं नव्हतं. असं असेल तर पानावर बहुतेक तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता एरर नीट वाचा, आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. "सर्व्हरचा पत्ता सापडला नाही", "कनेक्शन रिसेट झालं", "वेळ संपली", सर्टिफिकेटची लाल वॉर्निंग, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येक वेगळ्या जागी बोट दाखवते. ४५१ हा एररचा आकडा दिसला तर तुमचं काम सोपं झालं, कारण "कायदेशीर कारणामुळे उपलब्ध नाही" एवढं सांगण्यासाठीच तो २०१६ मध्ये प्रमाण म्हणून छापला गेला आणि अडवणूक कोण करतंय तेही सोबत सांगायची सोय त्यात आहे. प्रामाणिकपणे ४५१ दाखवणारे मात्र कमीच भेटतात.

पहिली जागा: नावाचा पत्ता

तुम्ही साइटचं नाव टाकता तेव्हा ब्राउझर आधी डीएनएसला विचारतो की या नावाचा आकडी पत्ता काय, आणि हे उत्तर देणारा सर्व्हर सहसा तुमच्या इंटरनेट कंपनीचाच असतो. सगळ्यात स्वस्त अडवणूक इथेच होते, कंपनीला सांगायचं की या नावाला खोटं उत्तर द्या किंवा असं नावच नाही म्हणून सांगा.

तपासायचं असं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनल, आणि एनएसलुकअप (nslookup) ही कमांड लिहून स्पेस देऊन साइटचं नाव टाका (अर्थात इंग्रजी अक्षरांत). जो पत्ता येईल तो लिहून घ्या. मग तीच ओळ परत लिहून शेवटी स्पेस देऊन ८.८.८.८ टाका म्हणजे तोच प्रश्न गुगलच्या डीएनएसला जाईल, १.१.१.१ टाकलंत तर क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या. पहिल्या वेळी १२७.०.०.१ किंवा १० ने सुरू होणारा घरगुती नेटवर्कचा पत्ता आला, किंवा नावच सापडत नाही असं आलं, आणि दुसऱ्या वेळी नीट पत्ता आला, तर खोटं उत्तर पकडलंत. पण नुसते दोन पत्ते वेगळे आले एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका हां, मोठ्या साइट जगभर अनेक सर्व्हर ठेवतात आणि प्रत्येकाला जवळचा पत्ता देतात, तेव्हा वेगळं उत्तर येणं तिथे साहजिक असतं.

ही अडवणूक किती कच्ची असते ते तुर्कस्तानात मार्च २०१४ मध्ये दिसलं. स्थानिक निवडणुकीच्या दहा दिवस आधी ट्विटर बंद केलं, ते डीएनएसवर, तर लोकांनी इस्तंबूलमधे भिंतींवर ८.८.८.८ असं रंगवून ठेवलं, ज्याला कळलं त्याने सेटिंग बदललं आणि ट्विटर चालू. मग सरकारने ट्विटरचे आकडी पत्तेच अडवले आणि महिना संपायच्या आत तिथल्या नेटवर्कनी चक्क गुगलच्या डीएनएसचा पत्ता आपलाच आहे असं जाहीर करून लोकांचे प्रश्न मधेच स्वतःकडे वळवले. म्हणजे भिंतीवरचा उपाय चालला पण थोडेच दिवस. यातून घ्यायचं ते हे की साधा डीएनएस प्रश्न उघड्यावर जातो, मधला कुणीही तो वाचू शकतो आणि खोटं उत्तरही घुसवू शकतो, चीनमध्ये तर हे कायमच चालतं. त्यामुळे नुसता ८.८.८.८ टाकण्यापेक्षा एन्क्रिप्टेड डीएनएस लावा, म्हणजे प्रश्न मधल्याला वाचता येणार नाही असा झाकून जातो. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस नावाचा पर्याय आहे, फायरफॉक्स आणि क्रोममध्ये सिक्युअर डीएनएस असतो. हा लावल्यावर साइट उघडली तर अडवणूक फक्त डीएनएसवर होती हे नक्की झालं.

दुसरी जागा: आकडी पत्ता

डीएनएसचं उत्तर बरोबर येतंय तरी पान फिरतच राहतं आणि शेवटी वेळ संपली म्हणतं, तर आकडी पत्ताच अडवला असण्याची शक्यता आहे. इथे लोक पिंग करून बघतात आणि उत्तर आलं नाही की झालं, ब्लॉक म्हणून मोकळे. तसं करू नका, कितीतरी सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. त्यापेक्षा कर्ल (curl) नावाची कमांड वापरा, ती आता विंडोज १० पासून बहुतेक कॉम्प्युटरवर आधीपासून असते. कर्ल, स्पेस, डॅश व्ही (-v), स्पेस आणि साइटचा एचटीटीपीएस सकट पूर्ण पत्ता. ती प्रत्येक टप्पा ओळीने छापते. कनेक्ट झालं अशी ओळच आली नाही आणि नुसती वाट बघत बसली, तर जोडणीच होत नाहीये.

या पद्धतीचं दुखणं असं की एका आकडी पत्त्यावर एकच साइट राहत नाही, शेकडो राहतात. ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये तिथल्या कंपनी कारभार बघणाऱ्या सरकारी आयोगाने एका फसवणुकीच्या साइटचा पत्ता अडवायला सांगितला आणि त्याच पत्त्यावर राहणाऱ्या सुमारे १,२०० साइट गेल्या, त्यात मेलबर्न फ्री युनिव्हर्सिटी नावाची मोफत वर्ग घेणाऱ्यांची साइटपण होती. त्यांना आपली साइट का गेली हे कितीतरी दिवस कळेना. एवढं मोठं नुकसान आणि हेतू तो नव्हताच, नुसतं एका पत्त्यावर किती जण राहतात हे बघितलं नव्हतं.

रशियाने एप्रिल २०१८ मध्ये टेलिग्राम बंद करायला घेतलं तेव्हा तर हद्दच झाली. टेलिग्राम ॲमेझॉन आणि गुगलच्या क्लाउडवर जागा बदलत राहिलं आणि त्याच्या मागे लागून त्या दोघांचे मिळून दीड कोटीपेक्षा जास्त पत्ते अडवले गेले, टेलिग्रामशी काडीचा संबंध नसलेल्या दुकानांच्या, गेमच्या, बाकीच्या सेवा कोलमडल्या, आणि टेलिग्राम चालूच. जून २०२० मध्ये बंदी उठवली. दोन वर्षं.

आणि पत्त्याच्या पातळीवरची चूक देशाबाहेरही जाते. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या देशापुरतं यूट्यूब बंद करायला म्हणून यूट्यूबच्या पत्त्यांचा खोटा रस्ता जाहीर केला, तो चुकून बाहेरच्या जगाला गेला आणि जवळपास दोन तास जगभरातल्या मोठ्या भागात यूट्यूब गायब झालं. इंटरनेटचे नेटवर्क एकमेकांवर विश्वास ठेवून रस्ते सांगतात, त्याच विश्वासाला तिथे धक्का लागला.

तिसरी जागा: लिफाफ्यावरचं नाव

सध्या सगळ्यात जास्त बघायची ती ही जागा. एचटीटीपीएसमुळे तुम्ही कुठलं पान वाचताय ते मधल्याला दिसत नाही, पण जोडणी सुरू होताना साइटचं नाव मात्र एकदा उघडं पाठवलं जातं, याला एसएनआय म्हणतात. पत्र बंद पाकिटात आहे पण पाकिटावर नाव आहे, तसं. मधलं यंत्र ते नाव वाचतं आणि यादीत असेल तर जोडणी तोडतं. ओळखायची खूण, कर्लमध्ये कनेक्ट झाल्याची ओळ येते, मग टीएलएसची, म्हणजे पाकीट बंद करणाऱ्या एन्क्रिप्शनची, पहिली ओळ जाते आणि लगेच रिसेट. दुसऱ्या नेटवर्कवरून हेच केल्यावर रिसेट येत नसेल तर सर्व्हरचा दोष नाही, मधे कुणीतरी बसलंय.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाकिटावर फक्त साइटचं नाव असतं, पानाचं नाही. विकिपीडियाने जून २०१५ मध्ये सगळं एचटीटीपीएसवर नेलं आणि त्यानंतर एकच लेख अडवणं अशक्य झालं, अडवायचा तर अख्खा विकिपीडिया अडवा. रशियाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चरसवरच्या एका लेखासाठी रशियन विकिपीडिया बंद करायचा आदेश काढला आणि एका दिवसात मागे घेतला. तुर्कस्तानने मात्र एप्रिल २०१७ मध्ये दोन-चार लेखांवरून सगळ्या भाषांमधला विकिपीडिया बंद केला, घटनात्मक न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ते हक्कभंग ठरवलं आणि जानेवारी २०२० मध्ये तो परत उघडला. चीनने एप्रिल २०१९ मध्ये सगळ्या भाषांमधला बंद केला. म्हणजे एन्क्रिप्शनने सेन्सॉरशिप संपवली असं म्हणता येत नाही, त्याने सरकारपुढे सगळं किंवा काहीच नाही असा पर्याय ठेवला, आणि कुणी माघार घेतली, कुणी सगळं घेतलं.

पाकिटावरचं नावही झाकायची सोय आलीय, तिला ईसीएच म्हणतात आणि नव्या ब्राउझरमध्ये ती एन्क्रिप्टेड डीएनएससोबत आपोआप चालते, साइटनेही ती चालू केलेली लागते. पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. तिच्या आधीच्या रूपाची जोडणी चीनने २०२० मध्येच सरसकट तोडायला सुरुवात केली आणि रशियाने नोव्हेंबर २०२४ पासून क्लाउडफ्लेअरची ईसीएच अडवली. नाव झाकलेलं पाकीट दिसलं की पाकीटच फाडायचं, असा तो हिशोब.

सर्टिफिकेट म्हणजे समोरची साइट खरंच तीच आहे याचा दाखला, त्याची लाल वॉर्निंग आली तर "पुढे जा" वर कधीच क्लिक करू नका, मग साइट कितीही गरजेची असो. कझाकस्तानने जुलै २०१९ मध्ये लोकांना सरकारी सर्टिफिकेट फोनमध्ये टाकायला सांगितलं होतं, ते टाकलं की पाकीट उघडून आतलं पत्र वाचता येतं. गुगल, मोझिला आणि ॲपल तिघांनी ऑगस्टमध्ये ते सर्टिफिकेट आपल्या ब्राउझरमधून बाद केलं. कुणी असं काही इन्स्टॉल करायला सांगितलं तर तो विषय एका साइटपुरता राहत नाही, तुमचा बँकेचा पासवर्डसुद्धा त्यात आला.

साइट उघडते पण रडत रडत

हा प्रकार सिद्ध करायला सगळ्यात अवघड. स्पीड टेस्ट झकास येते, बाकी सगळं पळतं, एकाच साइटचे फोटो मात्र मिनिट मिनिट लोड होत नाहीत. दिवसातून तीन-चार वेळा, दोन नेटवर्कवर, एकच फोटो किती सेकंदांत येतो ते घड्याळ लावून लिहा, एका वेळच्या अनुभवाला काही किंमत नाही. रशियाने मार्च २०२१ मध्ये ट्विटर असंच मुद्दाम हळू केलं. ट्विटरच्या लिंका छोट्या करणारं डोमेन आहे टी डॉट सीओ, यंत्राला सांगितलं की ही अक्षरं दिसली की वेग कमी कर, आणि मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम, रेडिट डॉट कॉम या नावांच्या मधोमध नेमकी तीच अक्षरं येतात, लिहून बघा, तर त्या साइटपण हळू झाल्या.

आणि सगळंच बंद केलं तर? इजिप्तने जानेवारी २०११ च्या अखेरीस जवळपास पाच दिवस देशाचं इंटरनेटच तोडलं, ओईसीडी या श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेने त्याचा थेट खर्च किमान ९ कोटी डॉलर धरला. तेव्हा व्हीपीएन (तुमची सगळी जोडणी झाकून दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा), डीएनएस कशाचाच उपयोग नाही, रस्ताच नाही तर गाडी कुठली. त्यासाठी तयारी आधीच करायची असते, लागणारी कागदपत्रं आणि फोन नंबर ऑफलाइन, नकाशे डाउनलोड केलेले, आणि किविक्स नावाच्या ॲपमध्ये अख्खा विकिपीडिया फोनमध्ये ठेवता येतो, तो ठेवा.

उघडायचीच असेल तर

आधी कायदा बघा, हे मी घाबरवायला सांगत नाहीये. चीनमध्ये परवानगी नसलेलं व्हीपीएन वापरल्याबद्दल लोकांना दंड झालेत, बेलारूसने तर ओळख लपवणाऱ्या अशा साधनांवरच बंदी घातलीय, आणि काही ठिकाणी व्हीपीएन चालतं पण तिथे बंदी असलेलं काही वाचणं हा वेगळा गुन्हा असतो. तुमचा धोका तुम्हालाच माहीत, दुसऱ्याने लिहिलेल्या गाइडवरून तो ठरवू नका, माझ्याही नाही.

फक्त डीएनएसवर अडवणूक असेल तर एन्क्रिप्टेड डीएनएस पुरतो, उगाच मोठं शस्त्र काढू नका. आकडी पत्ता किंवा एसएनआयवर असेल तर व्हीपीएन किंवा टॉर, म्हणजे जोडणी अनेक अनोळखी कॉम्प्युटरमधून फिरवत नेणारं फुकट नेटवर्क. व्हीपीएनमध्ये तुमची इंटरनेट कंपनी तुम्ही कुठे जाताय ते बघू शकत नाही पण तुम्ही व्हीपीएन वापरताय हे तिला दिसू शकतं, आणि जे आधी कंपनीला दिसायचं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं, म्हणून फुकट आणि मालक कोण ते न सांगणारं व्हीपीएन मी कुणालाच सुचवत नाही. टॉर हळू आहे पण तिथे एकाच माणसावर विश्वास टाकावा लागत नाही, आणि टॉरच अडवला असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ब्रिज म्हणजे आत शिरायच्या छुप्या वाटा आहेत, त्यातला स्नोफ्लेक जोडणीला व्हिडिओ कॉलसारखं रूप देतो. बीबीसीने ऑक्टोबर २०१९ मध्ये टॉरसाठी आपली वेगळी ओनियन साइट काढली, बऱ्याच बातमीदारांच्या अशा साइट आहेत. ही साधनं अडवणूक सुरू व्हायच्या आधी डाउनलोड करा, नंतर सगळ्यात आधी त्यांच्याच साइट जातात.

आता एक गोष्ट जी टेक्निकल लोकांना आवडत नाही. नेटवर काही अडवता येतच नाही, लोक वाट काढतातच, असं आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. बीजिंगमधल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, २०१९ मध्ये छापून आला, त्यात त्यांना चीनच्या सेन्सॉरशिपची भिंत ओलांडायचं साधन फुकट दिलं होतं आणि जवळपास निम्म्यांनी ते वापरलंच नाही. ज्यांना काही काळ बाहेरच्या बातम्या वाचायला उद्युक्त केलं ते मात्र नंतर आपणहून वाचत राहिले. मला हे वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. तेव्हा कुणाला नुसतं व्हीपीएनचं नाव पाठवू नका, त्या साइटवरचा वाचण्यासारखा एक लेख पाठवा, मग ती व्यक्ती साधन स्वतःच शोधेल.

नोंद करून ठेवा

ऊनी नावाचा प्रकल्प २०१२ पासून जगभरातली अडवणूक मोजतो. त्यांचं ऊनी प्रोब ॲप फोनवर चालवलं की वर सांगितलेल्या बऱ्याच तपासण्या ते आपोआप करतं आणि निकाल सगळ्यांना बघता येतील असे छापतं, दुसऱ्यांनी आधी काय मोजलंय तेही त्यांच्या एक्स्प्लोररवर सापडतं. पण ते ॲप अडवलेल्या साइटना मुद्दाम जोडणी करतं आणि ते तुमच्या कंपनीला दिसतं, त्यामुळे जिथे एवढंही धोक्याचं आहे तिथे चालवू नका.

स्वतःची नोंद अशी ठेवा की तिऱ्हाइताला तपासता आली पाहिजे: तारीख, वेळ, कुठल्या कंपनीचं नेट, साइटचा पूर्ण पत्ता, एरर जशीच्या तशी, डीएनएसची दोन्ही उत्तरं, कर्ल कुठल्या ओळीवर अडलं, आणि दुसऱ्या नेटवर्कवर काय झालं. ही नोंद साइटवाल्यांना पाठवा, त्यांना बरेचदा माहीतच नसतं, मेलबर्नवाल्यांना नव्हतं तसं. मग इंटरनेट कंपनीला लेखी विचारा की हे कुणाच्या आदेशाने, कुठल्या कलमाखाली आणि किती दिवसांसाठी. उत्तर येणार नाही असं वाटलं तरी विचारा, न्यायालयात जाणाऱ्या कुणालातरी तेच कागद लागतात.

आणि महिन्यातून एकदा तीच तपासणी परत करा. आदेश उठतो तेव्हा कुणी जाहीर करत नाही आणि यंत्रातली यादी साफ करायचं राहून जाऊ शकतं. उघडली तर ती तारीखही तिथेच लिहा. दोन नेटवर्कवर उघडली आणि तिसऱ्यावर नाही असं दिसलं, तर त्या तिसऱ्या कंपनीला परत लिहा, की तुम्ही अजून कुठला आदेश पाळताय तो दाखवा.